हिंवाळ्यांतील धुकें, हिम व प्रवाशाचें कर्तव्य

महाराष्ट्रांतील मनुष्यास हिंवाळा हा अत्यंत सुखाचा ऋतु वाटतो, आणि तें स्वाभाविकच आहे. पावसाळ्याचा चिखल वाळलेला असतो, उन्हाळ्याचा ताप दूर असतो, शेतांत ज्वारी डोलत असते, हुरड्याचीं निमंत्रणें येऊं लागतात, आणि सकाळीं अंगावर शाल घेऊन ओसरीवर उन्हास बसण्यांत निराळीच गोडी असते. आमच्याकडे थंडी फार झाली, तर ती शेकोटी मागते व निफाडच्या द्राक्षबागाईतदारास चिंता लावते. ती प्रवाशाचा जीव घेईल अशी कल्पनाही आमच्या मनास शिवत नाहीं. परंतु हाच ऋतु गंगा-यमुनेच्या मैदानांत व हिमालयाच्या खोऱ्यांत प्रवाशाचा वैरी होतो. आणि नेमक्या याच ऋतूंत, नाताळच्या सुटींत, आमचीं कुटुंबें व आमच्या शाळांच्या सहली दिल्ली, आग्रा, सिमला, मनाली व काश्मीर यांकडे निघतात. ज्या थंडीची आपणांस संवय नाहीं, तिच्याविषयीं आपण अज्ञानी असतों. आणि अज्ञानास घाईची जोड मिळाली म्हणजे अनर्थ ओढवण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, धुक्यांत व हिमांत होणाऱ्या अपघातांस निसर्गाइकीच, किंबहुना अधिक, मनुष्याची घाई कारण होते. आणि ही घाई एकट्या चालकाची नसून आपणां सर्वांची असते.

प्रथम धुकें म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. हिंवाळ्याच्या दीर्घ रात्रीं आकाश निरभ्र असलें व वारा पडलेला असला म्हणजे जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते. तिला लागून असलेली हवा थंड होते, आणि तींतील बाष्प हवेंत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांभोंवतीं सांकळून त्याचे जलबिंदु होतात. जमिनीवर उतरलेला ढग तो हाच. उत्तरेच्या मैदानांत नद्या, कालवे व पाण्यानें भिजलेलीं गव्हाचीं शेतें हवेस ओल पुरवितात, आणि धूर व धूळ त्या बिंदूंस आधार देतात. त्यामुळें तेथील धुकें दाट होतें व दुपार झाली तरी हटत नाहीं. १,००० मीटरांपलीकडील वस्तु दिसेनाशी झाली म्हणजे हवामानशास्त्रांत त्यास धुकें म्हणतात. २०० मीटरांच्या आंत दृष्टि आली म्हणजे तें दाट, व ५० मीटरांच्या आंत आली म्हणजे अति दाट. या धुक्याचा अभ्यास करण्याकरितां २०१५ सालच्या हिंवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर एक प्रयोगमालिका सुरू झाली, व तींत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें पुढाकार घेतला, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट होय.

धुकें व हिम हीं दोन वेगळीं संकटें वाटतात खरीं, पण पुष्कळ वेळां तीं एकाच उगमापासून निघालेलीं असतात. भूमध्य समुद्राच्या बाजूनें हिंवाळ्यांत एकामागून एक वातावरणाचे आवर्त पूर्वेकडे येतात. त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. असा विक्षोभ आला म्हणजे काश्मीर व हिमाचल प्रदेशांत हिमवर्षाव होतो आणि खालीं पंजाबच्या मैदानांत पाऊस पडतो. तो निघून गेला कीं आकाश मोकळें होतें, ओल्या जमिनीवर गार रात्र पसरते, व सकाळीं धुकें उभें राहतें. म्हणून मनालीस बर्फ पडल्याचें वृत्त ऐकून जो आनंदानें निघतो, त्यानें परतीच्या वाटेवर दिल्लीस धुकें भेटण्याची शक्यताही हिशेबांत धरावी.

आतां या संकटास तोंड कसें दिलें जातें तें पाहूं. त्यांत आगगाडीच्या खात्याचा धडा सर्वांत जुना व सर्वांत शहाणपणाचा आहे. धुक्यांत सिग्नल दिसत नाहीं, म्हणून सिग्नलच्या अलीकडे किमान २७० मीटरांवर, एकमेकांपासून १० मीटरांच्या अंतरानें, रुळावर दोन फटाके बांधण्याचा नियम आहे. इंजिनाचें चाक त्यांवरून जातांच मोठा आवाज होतो व चालकास कळतें कीं सिग्नल जवळ आला. डोळ्यांचें काम कानांस देण्याची ही युक्ति साधी आहे, पण कडाक्याच्या थंडींत मध्यरात्रीं रुळांच्या कडेला उभें राहून फटाके बांधणारा जो मनुष्य, त्याची आठवण डब्यांत पांघरूण घेऊन निजलेल्या आपणांपैकीं किती जणांस होते? आतां उपग्रहांच्या साह्यानें पुढील सिग्नलची सूचना चालकास देणारें लहानसें यंत्रही इंजिनांत ठेवितात. पूर्वी धुक्यांत ताशीं ६० किलोमीटर हीच कमाल मर्यादा असे. या यंत्रामुळें ती ७५ पर्यंत नेण्यांत आली. सिग्नल चालकाच्या पुढ्यांतच दाखविणारी व प्रसंगीं आपोआप ब्रेक लावणारी 'कवच' नांवाची यंत्रणा २०२० सालीं राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारण्यांत आली. ती सर्व मार्गांवर जितकी लवकर बसेल तितकें बरें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. ज्या गाडीनें ताशीं ११० किलोमीटर धांवावयाचें, ती ६० नें धांवली, तर ५५० किलोमीटरांच्या टप्प्यास ५ तासांऐवजीं ९ तासांहून अधिक लागतात. मग तीच गाडी उशिरा पोहोंचल्यामुळें परत फिरतांनाही उशिरा निघते. मथुरेजवळ पडलेलें धुकें भुसावळ व मनमाडच्या फलाटांवरील प्रवाशास भोंवतें तें असें. जी पंजाब मेल १९१२ सालापासून मुंबईस उत्तरेशीं जोडीत आली आहे, तिची वाट पाहत ताटकळलेले लोक रेल्वेच्या नांवानें बोटें मोडतात. पण हा उशीर आळसाचा नसून सावधगिरीचा असतो. ही सावधगिरी ढळली, किंवा दृष्टीनें दगा दिला, तर काय होतें हें २ जानेवारी २०१० या दिवसानें दाखविलें आहे. त्या दिवशीं उत्तर प्रदेशांत दाट धुकें असतां कानपूरजवळ पनकी येथें गोरखधाम एक्सप्रेस ही प्रयागराज एक्सप्रेसवर मागून आदळली व प्रवासी प्राणांस मुकले; आणि त्याच दिवशीं त्या प्रांतांत इतरत्रही गाड्यांची टक्कर झाली. चार तास उशिरा पोहोंचलेल्या गाडीची तक्रार करण्यापूर्वी ही तारीख आठवावी.

विमानाविषयीं एवढेंच सांगतों कीं, दिल्लीच्या विमानतळावर अवघ्या ५० मीटर दृष्टींतही विमान उतरविण्याची सोय आहे. परंतु त्याकरितां धांवपट्टी, विमान व वैमानिक या तिन्हींची तयारी लागते. यांपैकीं एक जरी उणें असलें तरी विमान दुसरीकडे वळवावें लागतें, आणि तें वळविणाऱ्या वैमानिकावर रागावणें म्हणजे आपल्या रक्षकावरच रागावणें होय.

रस्त्यावर मात्र नियम पाळून घेणारें खातें प्रत्येक वाहनामागें उभें नसतें. तेथें चालकाची विवेकबुद्धि हाच सिग्नल. आमच्या विद्यार्थ्यांनीं एक सोपें गणित करून पाहावें. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत २० मीटर पुढें जाते. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यांत ३० मीटर सरले. पुढें कोरड्या व चांगल्या रस्त्यावरही मोटार उभी राहण्यास आणखी सुमारें ३० ते ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६० मीटरांहून कमी नाहीं. आतां दृष्टि जर ५० मीटरांपर्यंतच पोहोंचत असेल, तर समोरचा उभा ट्रक दिसला त्याच क्षणीं अपघात ठरून गेला. मग चालक कितीही कुशल असो. तोच वेग ३६ वर आणला तर सारा हिशेब २५ मीटरांच्या आंत येतो, कारण वेग निम्मा केला असतां ब्रेकनंतरचें अंतर चौथाईवर येतें. दंवानें ओल्या झालेल्या रस्त्यावर हें अंतर वाढतें, आणि बर्फावर तर तें कित्येक पटींनीं वाढतें.

हें गणित कळत असूनही मनुष्य वेग कां कमी करीत नाहीं? एक तर, धुक्यांत कडेचीं झाडें व घरें दिसत नाहींत, त्यामुळें आपण किती वेगानें जात आहों याची जाणीवच बोथट होते. दुसरें, पुढच्या वाहनाचा तांबडा दिवा दिसला कीं त्याच्या मागोमाग जावें असें वाटतें. त्याच्या मागें तिसरा येतो, तिसऱ्यामागें चौथा. आणि पहिल्यानें अचानक ब्रेक दाबला कीं सारी माळ एकमेकांवर कोसळते. दिल्लीच्या बाजूनें आग्र्यास जाणाऱ्या १६५ किलोमीटरांच्या यमुना द्रुतगती महामार्गावर असे अपघात वारंवार झाले आहेत, आणि म्हणूनच तेथें हिंवाळ्यापुरती हलक्या वाहनांची मर्यादा ताशीं १०० वरून ७५ किलोमीटरांवर आणण्यांत येऊं लागली. परंतु वरील गणित ज्यानें केलें त्यास कळेल कीं, अति दाट धुक्यांत ७५ देखील फारच झाले. वेगमर्यादा ही परवानगी असते. तेवढ्या वेगानें गेलेंच पाहिजे अशी ती आज्ञा नव्हे.

तिसरें कारण सर्वांत बलवत्तर आहे, आणि तें म्हणजे मागें बसलेले आपण. रात्रीची बस एखाद्या ढाब्यावर अर्धा तास अधिक थांबली कीं आंतून कुरकुर सुरू होते. कोणास सकाळीं कचेरी गांठावयाची असते, कोणाचें पुढील तिकीट काढलेलें असतें. उशीर झाला तर मालक जाब विचारतो, लवकर पोहोंचला तर शाबासकी देतो. रात्रभर जागलेल्या, अल्प वेतनाच्या त्या चालकास मग थांबण्याचें बळ कोठून यावें? अपघात झाल्यावर दोष सर्वस्वी त्याच्या माथीं मारला जातो. माझ्या मतें हा न्याय नव्हे. ज्यानें त्यास पुढें हांकलें, त्याचाही त्या दोषांत वांटा आहे.

सुज्ञ चालकानें पाळावयाचे नियम कांहीं अवघड नाहींत. मोठा प्रकाशझोत धुक्यांतील जलबिंदूंवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो, म्हणून दिवे खालीं झुकलेले असावेत. पुढील वाहनापासून नेहमींपेक्षां अधिक अंतर राखावें. थांबावयाचें झाल्यास रस्त्यावर कदापि थांबूं नये. ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारांत वाहन पूर्णपणें बाहेर घ्यावें, कारण रस्त्यांत उभें असलेलें वाहन धुक्यांत जितका घात करितें तितका दुसरें कांहीं करीत नाहीं. आणि हें सारें उत्तरेचेंच दुखणें आहे असें समजून आम्ही स्वस्थ बसूं नये. आमच्या पश्चिम महाराष्ट्रांत उसाचा हंगाम नेमका हिंवाळ्यांत असतो. पहांटेच्या वेळीं नदीकांठच्या सखल भागांत कधींकधीं धुकें दाटतें, आणि त्यांतून उसानें शीग भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या साखर कारखान्याकडे जात असतात. पुष्कळांच्या मागें दिवाही नसतो व चमकणारी पट्टीही नसते. थोडक्या खर्चाची एक तांबडी पट्टी लावली, तर एखादा दुचाकीस्वार मुलगा घरीं सुखरूप पोहोंचतो. ही पट्टी लावण्याचें काम आमच्या शाळेच्या मुलांनीं सेवाकार्य म्हणून अंगावर घ्यावें, असें मी आग्रहानें सुचवितों.

हिमाचें संकट याहून निराळें आहे, कारण तें सुंदर दिसतें. धुकें पाहण्यास कोणी जात नाहीं. बर्फ पाहण्यास हजारों लोक जातात. रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड पूर्वी हिंवाळ्यांत कित्येक महिने लाहौलची वाट अडवून बसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं तिच्या खालून जाणारा ९ किलोमीटरांचा अटल बोगदा उघडला, आणि ही अडचण पुष्कळ दूर झाली. काश्मीरांतून लडाखला जाणारी झोजी ला खिंड सीमा सडक संघटनेनें २०२२ सालीं ७३ दिवसांच्या बंदीनंतर, व २०२५ सालीं अवघ्या ३२ दिवसांच्या बंदीनंतर खुली केली. हिम उपसणाऱ्या त्या कामगारांचे परिश्रम खरोखर स्तुत्य आहेत. परंतु या सोयींनीं प्रवाशाच्या मनांत एक खोटा विश्वासही उत्पन्न केला आहे. बोगदा डोंगराच्या पोटांतून जातो. त्याच्या तोंडापर्यंत जाणारा रस्ता उघड्यावरच असतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग व अटल बोगदा यांच्या परिसरांत अकस्मात् हिम पडून शेंकडों मोटारी अडकल्या, व हजारों प्रवाशांस पोलिसांनीं मोठ्या कष्टानें सोडविलें. तेथें यंत्रणा वेळेवर धांवून आली म्हणून निभावलें.

सर्वत्र असें निभावत नाहीं. पाकिस्तानांतील मरी हें थंड हवेचें ठिकाण रावळपिंडीहून फार दूर नाहीं. ७ जानेवारी २०२२ च्या रात्रीं तेथें हिमवर्षाव पाहण्यास गेलेल्या लोकांच्या मोटारी रस्त्यावरच गाडल्या गेल्या, आणि किमान २२ माणसें आपापल्या मोटारींत मृत सांपडलीं. त्यांत लहान मुलेंही होतीं. त्यांतील कित्येकांचा अंत थंडीनें नव्हे, तर विषारी वायूनें झाला असें मानण्यांत आलें. मोटारीच्या धूर सोडणाऱ्या नळीचें तोंड बर्फानें बुजलें व ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेविलें, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायु आंत शिरतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. मनुष्यास गुंगी येते व ती झोप शेवटची ठरते. म्हणून बर्फांत अडकल्यास ती नळी मोकळी आहे कीं नाहीं हें वारंवार पाहावें, इंजिन सतत चालू ठेवूं नये, व खिडकी किंचित् उघडी ठेवावी. हें ज्ञान असलेला एक मनुष्य मोटारींत असला, तर चार जीव वांचूं शकतात. आणि सर्वांत उत्तम उपाय म्हणजे हवामान खात्याचा इशारा असतां त्या दिवशीं वर न जाणें. बर्फ पुढच्या वर्षींही पडेल.

येथें कोणी म्हणेल कीं, थांबा म्हणून सांगणें सोपें आहे. पण ज्याची रोजी बुडते, ज्याची परीक्षा किंवा मुलाखत चुकते, ज्याचा आप्त इस्पितळांत आहे, त्यानें काय करावें? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यास केवळ उपदेश हें उत्तर होऊं शकत नाहीं. थांबणें ही जर सार्वजनिक सुरक्षिततेची गोष्ट आहे, तर तिचा भार एकट्या गरीब प्रवाशावर टाकणें अन्याय होय. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीं धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडून येणाऱ्या उमेदवारास दुसरी संधि देण्याची तरतूद ठेवावी. कारखानदारांनीं व कचेऱ्यांनीं असा उशीर गैरहजेरींत धरूं नये. रेल्वे डिसेंबर ते फेब्रुवारीपर्यंत कांहीं गाड्या आगाऊ रद्द करिते, त्याबद्दल तिजवर टीका होते. परंतु आठ दिवस आधीं मिळालेला नकार फलाटावर काढलेल्या रात्रीपेक्षां कितीतरी दयाळू असतो. गाडीस तीन तासांहून अधिक उशीर झाला व प्रवास केला नाहीं, तर नियमाप्रमाणें अर्ज करून भाडें परत मागतां येतें, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें.

मात्र रेल्वे व विमान कंपन्या यांजकडून एक अपेक्षा ठामपणें केली पाहिजे, आणि ती म्हणजे खऱ्या माहितीची. गाडी सहा तास उशिरा येणार हें कळण्यासारखें असतां अर्धा अर्धा तास वाढवीत जाणें ही प्रवाशाची वंचना होय. त्या सहा तासांत म्हातारा मनुष्य घरीं निजला असता, आईनें मुलास ऊन अन्न दिलें असतें. धुकें कोणाच्या हातीं नाहीं. पण लोकांस खरें सांगणें, प्रतीक्षालय उघडें ठेवणें व तेथें गरम चहाची सोय करणें हें निश्चितच मनुष्याच्या हातीं आहे. उशीर क्षम्य आहे. लपवाछपवी क्षम्य नाहीं.

शेवटीं आमच्या शाळांविषयीं व पालकांविषयीं. डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेकडे सहल नेणाऱ्या शाळेनें आपल्या कार्यक्रमांत निदान एक दिवस मोकळा ठेवावा, रात्रीचा बसचा प्रवास वर्ज्य करावा, आणि हवामानाचा इशारा असतां ठरलेलें स्थळ सोडून देण्याचा अधिकार सहलीबरोबरच्या शिक्षकास लेखी द्यावा. असा अधिकार नसला म्हणजे, पालकांनीं पैसे भरले आहेत, मुलें हिरमुसतील, या विचारानें शिक्षक कचरतो. पालकांनींही, ताजमहाल दुरून धुक्यांतच पाहिला किंवा बर्फ पाहिलेंच नाहीं, म्हणून शाळेकडे हिशेब मागूं नये. मुलें सुखरूप परत आलीं, हाच सहलीचा पहिला हिशेब.

विद्यार्थीमित्रहो, आमच्या घाटांतील पाट्यांवर 'अति घाई संकटांत नेई' हें वाक्य तुम्हीं लहानपणापासून वाचीत आलां आहां. तें इतकें परिचित झालें आहे कीं, त्याचा अर्थ मनांत शिरेनासा झाला आहे. उद्यां तुमच्यांतील कोणी चालक होईल, कोणी स्टेशनमास्तर, कोणी वैमानिक, कोणी गाड्यांचा मालक, आणि प्रवासी तर सर्वच व्हाल. जो चालक असेल त्यानें समोरचें दिसेनासें झालें कीं थांबावें, व त्याची लाज बाळगूं नये. जो मालक असेल त्यानें थांबलेल्या चालकास दंड करूं नये. आणि जो प्रवासी असेल, त्यानें अशा रात्रीं चालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावें, "दादा, सावकाश चला, आम्हांस उशीर झाला तरी चालेल." हे शब्द उच्चारण्यास फारसें धैर्य लागत नाहीं, पण ऐकणाऱ्यास ते पुष्कळ धैर्य देतात.